गुळाचे सायेब: पप्पांच्या तुमच्याकडच्या आठवणी इथं लिहा

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या किरणोत्सवाला (मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात तो सोहळा) पप्पांना जाऊन वर्ष होतंय. कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्रात त्यांची बहुतेक नोकरी गेली, गावोगावच्या गुऱ्हाळांवर त्यांना 'गुळाचे सायेब' म्हणायचे. आई म्हणाली, वर्षाच्या दिवशी नुसतं जेवण नको, कुणाकुणाला काय आठवतंय ते गोळा कर, मला वाचून दाखव. म्हणून हा धागा. शुद्धलेखन बघू नका, जसं येईल तसं लिहा.

सुरुवात मी करते. लहानपणी मला पप्पांचा राग यायचा. दिवाळी झाली की गुऱ्हाळं पेटायची आणि हे गायब. शाळेच्या गॅदरिंगला मी नाचायची आणि सगळ्यांचे वडील यायचे, माझी फक्त आई. रात्री कधीतरी यायचे, शर्टाला काकवीचा आणि धुराचा वास, खिशात वर्तमानपत्राच्या कागदात गरम गुळाचा खडा. मी झोपलेली असले तरी उठवून तोंडात घालायचे. पण शुक्रवार कधी चुकला नाही. कुठल्याही गावाला असूदेत, शुक्रवारी संध्याकाळी आम्हा तिघांना घेऊन अंबाबाईला. देवळात गेल्यावर काही मागायचे नाहीत, हात जोडून नुसते बघत उभे राहायचे, बराच वेळ. मला कंटाळा यायचा. आता मी एकटी गेले की तशीच उभी राहते.

गुऱ्हाळवाले, पन्हाळा तालुका

ताई, आमच्या घरात सायबांचं नाव काढलं की बाबा अजून गप होतात. गुळाला पिवळा रंग यावा म्हणून आमच्यात हायड्रॉस पावडर (रंग उजळायची गंधकाची पावडर) मारायचे, सगळेच मारायचे, कारण मार्केट यार्डात पिवळा रवा (गुळाची ढेप) बघितला की व्यापारी दर चढवतोय आणि लाल दिसला की पाडतोय. सायेब आले तेव्हा बाबांनी तोंडावर सांगितलं, तुमचं ऐकून माझं नुकसान कोण भरून देणार. सायेब वाद घातले नाहीत. त्याच दिवशीचे दोन रवे घेतले, एक पावडरचा एक बिनपावडरचा, दोन्हीवर तारीख घातली आणि आमच्या माळ्यावर ठेवून गेले. पावसाळ्यानंतर स्वतः आले आणि बाबांनाच उतरवायला लावले. पावडरचा रवा काळपट पडलेला, बिनपावडरचा होता तसाच. तेव्हा सांगितलं की पावडरीनं रंग जात नाही, नुसता दडतो, आणि गंधक गुळात राहतंय त्याला मर्यादा आहे, ७० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागात ७० भाग.

मग रानभेंडीचं. रस साफ करायला आमच्यात भेंडी घालायचे पण कशीतरी. सायेब बाह्या वर करून बसले, ताजी खोडं ठेचली, पाण्यात भिजवून हातानं चोळून चिकट पाणी काढलं आणि रस तापायला लागल्यावर काहिलीत (रस उकळायच्या मोठ्या कढईत) सोडलं. मळी अशी वर आली की झाऱ्यानं काढून काढून दमलो, खाली रस एकदम नितळ. गुळासाठी ९२००५ जातीचा ऊस लाव म्हणून पण तेच मागं लागलेले, तोवर आमच्यात ६७१ जातीचा होता. २०१४ ला कोल्हापुरी गुळाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा त्यांचा बाबांना फोन, म्हणाले, हे तुमचं आहे.

त्याच गुऱ्हाळावरचा गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा (त्याचा नातू लिहितोय)

आज्जा सांगतोय तसं लिहितो. "सायबांनी काहिलीत थर्मामीटर सोडला. मला म्हटले तुमी तुमच्या पद्धतीनं सांगा, मी काय बोलत न्हाई. मी पाक पाण्यात सोडला, बोटानं गोळी केली, म्हटलं उतरवा. त्यांनी काटा बघितला, ११८ डिग्री. दुसऱ्या आदणाला (काहिलीच्या दुसऱ्या खेपेला) परत ११८. मग वाकून माझ्या पाया पडले. सरकारी माणूस, मी लांब सरकलो. म्हटले, आमी पुस्तकात शिकलो ते तुमच्या बोटात हाय." एवढंच सांगायचं होतं म्हणतोय. आणि हंगामात पहिल्यांदा चुलाणाला नारळ फोडायचा त्या दिवशी सायेब बूट काढून लांब ठेवायचे, कुणी न सांगता.

लॅबमधली ज्युनिअर

मी सरांकडे नवीन लागलेले तेव्हा एका प्लॉटचं ब्रिक्सचं (उसाच्या रसातल्या गोडीचं) रीडिंग बाकीच्यांपेक्षा फारच कमी आलं, मी म्हटलं सर हे वगळूया, रिपोर्ट चांगला दिसेल. सर चिडले नाहीत. वही माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, "हे असं अंबाबाईसमोर वाचून दाखवशील काय?" मी ते रीडिंग ठेवलं. नंतर आम्ही दोघं प्लॉटवर गेलो तर त्या कोपऱ्यात पाणी साचत होतं, ऊस तिथं खरंच वेगळा होता. आजही वही उघडली की ते वाक्य कानात येतं.

शेजारची, मंगळवार पेठ

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा काका रिटायर झालेले. मी डबा घेऊन गेले तर काका परातीत भाकरी थापत होते, कडा फाटलेल्या, पीठ कोपरापर्यंत. म्हणाले, "इतकी वर्षं हिनं एकटीनं घर ओढलं, आता माझी पाळी." काकू आतून म्हणाल्या, जाड झाल्यात, पण रोज खाते मी. तीन महिने त्यांनी स्वयंपाकाला बाई लावू दिली नाही.

नातू

मी सायबांचा नातू, आज्जाची किरणोत्सवाची वही माझ्याकडं आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या पायावर, मग छातीवर, मग चेहऱ्यावर. मी पाचवीत असताना विचारलं, वर्षातनं दोनदाच का. आज्जानं भिंतीवर खडूनं आडवी रेघ मारली, हे पश्चिमेचं क्षितिज, आणि मला बॅटरी धरून डावीकडं चालायला लावलं. "२१ डिसेंबरपर्यंत सूर्य दक्षिणेकडं सरकतोय, मग परत फिरतोय. मोज बघू, नोव्हेंबरच्या तारखेपासून तिथपर्यंत किती दिवस आणि तिथनं जानेवारीच्या तारखेपर्यंत किती." मोजले, ४२ आणि ४१. "म्हणजे जाताना एकदा दर्शन घेतोय आणि येताना एकदा, त्याच दारातनं."

वहीत दरवर्षीची नोंद आहे, वेळ, आभाळ कसं होतं, किरण कुठवर पोचलं. एका वर्षी लिहिलंय, "गुडघ्यापर्यंत. मग ढग." त्या दिवशी मी बरोबर होतो, लोक हळहळत निघून गेले, आज्जा मात्र आरती संपेपर्यंत हात जोडून उभा होता आणि बाहेर येऊन घड्याळ बघून मगच लिहिलं.

परत मी

काल रात्री सगळं आईला वाचून दाखवलं. गुळव्याकाकांचं दोनदा वाचायला लावलं. त्यांच्या पाया पडल्याचं पप्पांनी घरी कधी सांगितलंच नव्हतं. भाकरीचं ऐकून म्हणाली, जाड नव्हत्या, मी उगंच म्हटलेलं. मग वही मागून घेतली, शेवटचं लिहिलेलं पान काढलं आणि पुढच्या कोऱ्या पानावर स्वतःच्या हातानं ९ नोव्हेंबर तारीख घातली. यायचं असेल त्यांनी पाच वाजता महाद्वारापाशी या, आई पण येणार आहे, खुर्ची मी आणते.