राउटर टेबल कोणते घ्यावे? (मदत हवी आहे)

नवा_गाळा:
नमस्कार. वागळे इस्टेटमधील आमच्या लहानशा सुतारकामाच्या गाळ्यासाठी राउटर टेबल, म्हणजे लाकडाला खाचा आणि कडा काढणारे यंत्र (राउटर) खालून उलटे बसवायचे टेबल, घ्यायचे आहे. एक विक्रेता बिडाच्या टेबलाचा आग्रह धरतो, तर दुसरा ॲल्युमिनियमच्या. काम सोमवारी सुरू करायचे असल्याने कृपया थेट नाव सांगावे. 'गरजेवर अवलंबून आहे' हे उत्तर दोन्ही दुकानांत ऐकून झाले आहे.

खोबण:
गरजेचे राहू द्या, राउटरचे सांगा. तो कोणता आहे, त्याचा कोलेट (बिट, म्हणजे फिरणारे पाते, दांड्याने धरणारी पकड) किती मिमीचा आहे, वेग कमी-जास्त करता येतो का आणि मुख्यतः काय बनवायचे आहे?

कळव्याचा_रंधा:
टेबल विकत घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी 19 मिमीच्या शटरिंग प्लायचे दोन थर चिकटवून, कडांना वॉर्निश लावून आणि मध्ये ॲल्युमिनियमची प्लेट बसवून टेबल केले. त्यावरील गुळगुळीत फिल्ममुळे लाकूड छान सरकते. फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची आडवी कड) म्हणून एक सरळ पट्टी पुरते, आणि बिट गोल फिरत असल्यामुळे ती टेबलाच्या कडेला समांतर असण्याचीही गरज नसते.

ऐरोली_खाडीकाठ:
समांतर नसली तरी चालते, हे मायटरची खाच (लाकूड कोनात धरणारी सरकपट्टी फिरते ती टेबलातील खाच) न वापरणाऱ्यांपुरतेच खरे आहे. शिवाय पाच-सहा किलोचा राउटर वर्षभर खाली लटकत राहिला की प्लाय मध्ये खचतो आणि मग लाकडात कापलेल्या खाचेची खोली दोन टोकांना वेगवेगळी येते. बिडाला पर्याय नाही.

कळव्याचा_रंधा:
खाडीच्या हवेत त्याच बिडावर जुलैमध्ये किती गंज चढतो, हेही सांगावे.

ऐरोली_खाडीकाठ:
मेण घासावे लागते, हे मान्य आहे. आपणही वॉर्निश लावलेच ना?

तुर्भे_७०५:
गाळ्याच्या वर कोणी राहत असल्यास भुशाचा बंदोबस्त आधी करावा. एमडीएफची बारीक धूळ जिन्यातून वर गेल्यावरून आमच्याकडे फार मोठे भांडण झाले होते.

नवा_गाळा:
वर कोणी राहत नाही आणि एमडीएफचे काम नाही. राउटर म्हणजे नेहमीचा ट्रिमर (एका हाताने धरायचा लहान राउटर), 6 मिमीच्या कोलेटचा. स्वयंपाकघराची सागवानी शटर (कपाटांची दारे) करायची आहेत, मधल्या फळीला चारही बाजूंनी उतार असलेली. आता तरी नाव सांगाल का?

खोबण:
हे पहिल्याच ओळीत हवे होते. फळीला असा उतार देणारे आडवे बिट साधारण 80 मिमी व्यासाचे असते आणि त्याचा दांडा बहुधा अर्ध्या इंचाचा, म्हणजे 12.7 मिमीचा असतो. तो आपल्या ट्रिमरमध्ये शिरणारच नाही. पाव इंची दांडाही 6.35 मिमीचा असल्याने 6 मिमीच्या कोलेटमध्ये जात नाही. अर्धा इंची राउटर घेतला तरी वेग बदलता येणाराच घ्यावा, कारण एवढे बिट मिनिटाला 22,000 फेऱ्यांनी फिरवल्यास त्याची धार ताशी सुमारे 330 किलोमीटर वेगाने लाकडावर येते. म्हणून ते 12,000 फेऱ्यांच्या आतच चालवतात. उतारही एका दमात न काढता लाकूड तीन-चार वेळा सरकवून थोडा थोडा काढावा आणि लाकूड उजवीकडून डावीकडे ढकलावे. वीज जाऊन परत आल्यावर आपोआप सुरू न होणारा स्विचही टेबलाला असू द्या. बीड की ॲल्युमिनियम हा प्रश्न त्यानंतरचा. टेबलाच्या प्लेटवरची भोके ज्या राउटरच्या तळाशी जुळतात, तो राउटर आधी ठरवा आणि तोवर टेबलाचे पैसे देऊ नका.

ऐरोली_खाडीकाठ:
सहमत आहे. टेबल मात्र बिडाचेच.

नवा_गाळा:
बिडाच्या टेबलाची अर्धी रक्कम मी कालच दिली आहे, आणि त्याची प्लेट ट्रिमरच्या मापाची सांगितली आहे. विक्रेता प्लेट बदलून देईल का, की नवी भोके पाडून घेता येतील?

कळव्याचा_रंधा:
प्लेटची जाडी किती आहे?