मदत हवी आहे: नेटहॅक नव्या पोरांसमोर कसा मांडावा?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयाला दान आलेले चार जुने डेस्कटॉप आहेत. रॅम २ जीबी, ग्राफिक कार्डाचं नाव काढायचं नाही. डेबियन लिनक्स टाकलंय म्हणून चालतात एवढंच. नेट असून नसल्यासारखं. उन्हाळ्यात दुपारी १ ते ४ गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही, तेव्हा आठवी ते अकरावीची पोरंपोरी पंख्याखाली येऊन बसतात. रोज मोबाईलवरच्या त्याच त्या मारामाऱ्या बघून म्हटलं, यांना नेटहॅक दाखवू, म्हणजे अक्षरांत दिसणारा भुयारात उतरायचा जुना खेळ. काही एमबीत मावतो, नेट लागत नाही, वाचायला लावतो, आणि दर वेळी भुयार नवं.

पण मांडणीच जमत नाहीये. काळ्या पडद्यावरची टिंबं आणि रेघा बघून पहिला प्रश्न आला, "दादा, गेम कधी चालू होईल?" @ म्हणजे तू, टिंब म्हणजे जमीन, स्मॉल डी म्हणजे तुझा कुत्रा, हे सांगितलं की मान हलवतात आणि बाणाचं बटण दाबून धरतात. त्यात पाळलेला कुत्राही डी आणि चावायला आलेला कोल्हाही डी. मेल्यावर सेव्ह केलेला खेळही जातो हे कळलं तेव्हा एकाने विचारलं, "मरी गया तर मरी गया, पन पयलेपासून काबर?" त्याला काय उत्तर द्यावं?

चिकटून राहिले ते दोघंच. तेही निळ्या ई या प्राण्यावर तलवार चालवून मेले.

तर जाणकारांनी सांगा, पहिल्या बैठकीत नेमकं काय करायचं? कोणतं पात्र द्यायचं? आधी किती सांगायचं आणि किती लपवायचं? पोरं मराठी माध्यमाची, खेळातली इंग्रजी वाक्यं टाळतात, त्याचं काय? आणि चारही मशीनवर एकच लॉगिन आहे, वीज कधीही जाते, तर खेळ कसे जपायचे? "टाइल्सवालं चित्रांचं रूप लावा" हा सल्ला कृपया नको. मला अक्षरंच दाखवायची आहेत.

पांझरेकर

भाऊ, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नेटहॅक हा या घराण्यातला थोर म्हातारा आहे, पण नवख्याचा पहिला खेळ नाही. क्रॉल घ्या, पूर्ण नाव डंजन क्रॉल स्टोन सूप. लिन्ली हेन्झेलच्या १९९७ सालच्या क्रॉलवरून २००६ मध्ये निघालेला. टर्मिनलमध्ये अक्षरांतच चालतो. त्यात शिकवणीचे छोटे छोटे धडे आहेत: चालणं, लढणं, मंत्र. तुम्हाला तोंडाची वाफ दवडावी लागत नाही. स्मॉल ओ दाबला की पात्र आपोआप न पाहिलेला भाग फिरून येतं, धोका दिसला की थांबतं. नव्या आवृत्त्यांत भुकेची भानगडही काढून टाकली आहे. मिनोटॉर बर्सर्कर हे पात्र द्या, पोरं पहिल्या दुपारीच चार-पाच मजले खाली जातील.

ब्रायन वॉकरचा ब्रोग हा खेळही सुंदर आहे. बटणं मोजकी, रंग छान. पण रॅम २ जीबी म्हणताय तर आधी क्रॉलच.

भुसावळ जंक्शन

पांझरेकर, चार-पाच मजले खाली गेली, पण पाहिलं काय? ओ ओ ओ दाबत जाणारं पोर आणि मोबाईलवर ऑटो लावून बसलेलं पोर यांत मला फरक दिसत नाही. क्रॉल उत्तम खेळ आहे, मीही खेळतो. पण बोरीकाठ यांची अडचण "कठीण आहे" ही नाहीच. त्यांची अडचण "दिसत नाही" ही आहे. पडद्यावर काय चाललंय ते पोरांना दिसत नाही. ते दिसायला लागलं की नेटहॅकच पुरतो.

बोरीकाठ दादा, पहिल्या दिवशी चार मशीन चालू करूच नका. एकच लावा, सगळे भोवती. एक पात्र, एक कीबोर्ड. एक जण दाबणार, बाकीचे ठरवणार. पात्र मेलं की कीबोर्ड पुढच्याकडे. आमच्या रेल्वे कॉलनीत मी भाचे कंपनीला असंच बसवलं. मरण ही एकट्याची फजिती राहत नाही, सगळ्यांची चर्चा होते. "पहिल्यापासून का" म्हणणाऱ्याला सांगा: पत्त्यांचा डाव संपल्यावर तेच पान हातात ठेवून पुढे खेळतोस का? पिसून पुन्हा वाटतात ना? भुयारही नव्याने वाटलं जातं.

आता पहिलं बटण. चालणं शिकवू नका, अर्धविराम शिकवा. ; दाबून कर्सर कशावरही नेला आणि टिंब दाबलं की खेळ सांगतो ते काय आहे. कुत्रा आणि कोल्हा दोन्ही डी, पण अर्धविरामाने बघितलं तर आपला कुत्रा "टेम", म्हणजे पाळीव, म्हणून येतो. या बघण्याला एक पाऊलही खर्च होत नाही. पहिली दहा मिनिटं कोणी हलायचंच नाही, फक्त खोलीतल्या एकेका चिन्हावर बोट ठेवून विचारायचं. गंमत म्हणजे पोरंच पैजा लावायला लागतात, हा कंस दार की हत्यार.

आणि हे बजावून सांगा: तू थांबलास तर जग थांबतं. मोबाईलवाल्यांना हे पटायला सगळ्यात वेळ लागतो. जीव ३ उरलाय आणि समोर बुटका कुऱ्हाड घेऊन उभा आहे, तरी चहा पिऊन आलात तरी तो तिथेच. त्यामुळे जीव निम्म्यावर आला की दाबणाऱ्याने हात मांडीवर ठेवायचे आणि बाकीच्यांनी तीन तरी पर्याय सुचवायचे, असा आमच्याकडे नियम आहे. पळणं, जिना चढणं, कुत्र्याला पुढे होऊ देणं, काहीतरी फेकून मारणं, अनोळखी कागद वाचून बघणं. खरा खेळ तिथे आहे.

पात्र: वाल्किरी, म्हणजे लढवय्यी बाई, बुटक्या वंशाची. तलवार, खंजीर, ढाल घेऊन येते, थंडीचा मारा लागत नाही, अंधारातले उबदार प्राणी दिसतात, आणि खाणीतले बुटके व नोम नावाचे ठेंगू बहुतेक तिच्याशी भांडत नाहीत. दुसऱ्या ते चौथ्या मजल्यावरून त्या खाणींचा जिना फुटतो आणि मानवी पात्र घेऊन तिथे उतरलेली नवखी पोरं हमखास मरतात. सामुराई दुसरा चांगला. टुरिस्ट हे पात्र कॅमेरा आणि रंगीत शर्ट बघून पोरं मागतीलच. देऊ नका.

बोरीकाठ

हे एकदम डोक्यात बसलं. अर्धविरामापासून सुरुवात करायची हे कधी सुचलंच नसतं. पण जंक्शन भाऊ, किती सांगायचं ते राहिलं. प्रार्थनेचं सांगू का? निळ्या ई चं?

भुसावळ जंक्शन

ज्या मरणातून काही शिकायला मिळत नाही तेवढीच आधी सांगायची, असं माझं मत. निळा ई, म्हणजे तरंगता डोळा, त्यातच येतो. त्याला हातातल्या हत्याराने मारलं की तुम्ही लकवा मारल्यासारखे उभे, आणि मग कोणीही येऊन चावून जातं. तो स्वतःहून कधीच हल्ला करत नाही. लांबून फेकून मारला तर चालतो, आणि मेल्यावर त्याचं काय करायचं हे मात्र सांगू नका. पिवळा सी, कॉकाट्रिस, हातमोज्याशिवाय शिवायचा नाही. मेलेला प्राणी ताजा असेल तरच खायचा. दुकानदाराशी भांडण काढायचं नाही.

प्रार्थना सांगा, कारण तीच एकदा वाचवते. जीव ५ किंवा कमी उरला, किंवा एकूण जीवाच्या सातव्या भागावर आला, किंवा भुकेने पात्र "वीक", म्हणजे अशक्त, झालं, तर #प्रे ही आज्ञा द्यायची. पण सुरुवातीच्या ३०० चाली होऊ द्यायच्या आणि दोन प्रार्थनांत साधारण १००० चालींचं अंतर ठेवायचं. उठसूट हाक मारली तर देव कोपतो. ऑप्शनमध्ये "टाइम" चालू करा म्हणजे चाली खाली दिसत राहतील. वहीत चाल लिहून ठेवायचं काम एकीला द्या.

बाकी सगळं लपवा. शापित वस्तूवर कुत्रा पाय ठेवायला कचरतो, हे आमच्या भाचीने स्वतः ताडलं आणि दोन दिवस तोऱ्यात होती. मी आधी सांगितलं असतं तर "बरं" म्हणाली असती.

गिरणाथडी

इंग्रजीच्या प्रश्नावर लिहिते, कारण मी शाळेत इंग्रजीच शिकवते. दादा, पोरं वाक्यं टाळतात याचं कारण इंग्रजी नाही, वेग आहे. वरची ओळ चटकन बदलते. कंट्रोल-पी शिकवा, मागचे संदेश परत दिसतात. एकाला दाबायला बसवा आणि दुसरीला फक्त वाचायला. तिने वरची ओळ मोठ्याने वाचायची आणि घरच्या बोलीत सांगायची. "यू आर बिगिनिंग टु फील हंग्री" आलं की आमच्या वर्गात "भूक लागनी, भूक लागनी" असा गलका होतो. सुरुवातीच्या मजल्यांवर फिरून फिरून तीच वाक्यं येतात: मारलं, चुकलं, चावलं, इथे अमुक पडलंय. ती भिंतीवर एका कागदावर लिहून लावा आणि नवीन आलेलं वाक्य पोरांनाच खाली वाढवू द्या. शब्दकोश हातात दिलात तर कोणी उघडणार नाही.

आणि पांझरेकर दादांचं अगदीच टाकून देऊ नका. आमच्याकडची दोन मुलं गटात बोलतच नाहीत. त्यांना मी क्रॉलचे धडे एकेकट्याने करू दिले, मग ती नेटहॅकच्या घोळक्यात येऊन बसली.

पांझरेकर

ताई, आभार. जंक्शन भाऊंचा अर्धविराम मलाही मान्य. पण बटणांचा प्रश्न कोणी घेतलाच नाही. बाणांऐवजी एच-जे-के-एल या अक्षरांनी चालवायला लावलंत तर अर्धी पोरं तिथेच उठतील. ही पद्धत ज्या एडीएम-३ए टर्मिनलवरून आली त्याच्या कीबोर्डवर बाण त्याच अक्षरांवर छापलेले होते, म्हणून तेव्हाच्या लोकांना सोपं होतं. तुमच्या डेस्कटॉपला उजवीकडे आकड्यांचा भाग असेल तर कॅपिटल ओ दाबून ऑप्शनमध्ये "नंबर पॅड" चालू करा. ७, ९, १, ३ ने तिरकं चालता येतं आणि तिरकं चालणं या खेळात फार लागतं. एक लक्षात ठेवा, मग दहा वेळा शोधायचं असेल तर आकड्याआधी स्मॉल एन दाबावा लागतो, एन, १०, एस. चहूकडून बंद खोलीत अडकले की हेच करायचं, चोरदार सापडतं. लांबच्या जिन्यापर्यंत जायला अधोरेखा दाबून मग > आणि टिंब दाबा, म्हणजे बाण दाबून धरायची सवयही सुटेल.

पोरांना एवढंही सांगा की हा खेळ त्यांच्या बापाच्या वयाचा आहे. मूळचा "रोग" (Rogue) हा खेळ १९८० च्या सुमाराचा, मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यार्थ्यांनी केलेला. त्यातून पुढे हॅक, आणि १९८७ मध्ये नेटहॅक. आमच्या धुळ्याच्या पोरांना हे ऐकून एकदम आदर वाटला, नाहीतर "एवढा साधा गेम कोण बनवतं" म्हणत होते.

भुसावळ जंक्शन

लॉगिन आणि विजेचं राहिलं होतं. एकाच लॉगिनवर प्रत्येकाचा खेळ वेगळा ठेवता येतो. नेटहॅक सुरू करताना आज्ञेपुढे वजा-यू आणि पोराचं नाव द्या, सेव्ह त्या नावाने राहतो. कॅपिटल एस ने सेव्ह होऊन खेळ बंद होतो. पुन्हा उघडला की ती सेव्ह फाइल खेळ स्वतःच पुसतो, त्यामुळे गडबड समजून घाबरू नका.

वीज गेली तर सहसा सगळं जात नाही. मजल्यांच्या फाइली डिस्कवर राहतात आणि सोबत येणारी "रिकव्हर" ही आज्ञा त्यांतून सेव्ह परत जुळवते. शेवटचा मजला बदलला तिथपर्यंतचं मिळतं, नंतरचं नाही. आज्ञा चालवायला ॲडमिनचा पासवर्ड लागेल, म्हणून ते काम तुमच्याकडेच ठेवा. वीज ठरलेल्या वेळी जात असेल तर त्याआधी पाच मिनिटं सगळ्यांना कॅपिटल एस दाबायला लावा.

बोरीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते असं: एक मशीन, बुटकी वाल्किरी, दहा मिनिटं फक्त अर्धविराम, एक दाबणारा, एक वाचणारी, आणि चालींची वही. बाकी तीन मशीनवर क्रॉलचे धडे, ज्याला गर्दी नको त्याच्यासाठी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरी झोक्यांवरून उतरणार नाहीत, त्यामुळे ती झाल्यावरच्या रविवारी बसवतो.

एकच अडचण उरली. चारातल्या दोन कीबोर्डना आकड्यांचा भागच नाही. जळगाव, धुळे, भुसावळकडे कोणाकडे जुना यूएसबीचा मोठा कीबोर्ड धूळ खात पडला असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. येऊन घेऊन जातो.

गिरणाथडी

माझ्याकडे एक आहे. एंटरचं बटण जरा जोरात दाबावं लागतं, पण आकडे सगळे चालतात. व्यनि केलाय.