गाण्याच्या साथीला कोणता सॅम्पल्ड पियानो घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी घरी भावगीतं रेकॉर्ड करते, साथीला कीबोर्डवरून सॉफ्टवेअर पियानो. सध्या फुकट मिळालेली एक सॅम्पल लायब्ररी (म्हणजे खऱ्या पियानोच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संच) वापरतेय. मोठ्या आवाजात छान वाजते, पण अंतऱ्याआधी बोट अगदी हलकं पडतं तिथे सूर कोरडा येतो, आणि पेडल सोडलं की कात्रीने कापल्यासारखा तुटतो. फार जीव लागतो हो त्या जागांवर!

आता विकतचा सॅम्पल्ड पियानो घ्यायचाय: गॅरिटन सीएफएक्स घ्यावा, की कीस्केप? पहिला म्हणजे यामाहाचा कॉन्सर्ट ग्रँड (मैफिलीचा मोठा पियानो), लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत रेकॉर्ड केलेला. कीस्केपला ७७ जीबी जागा लागते आणि माझ्या लॅपटॉपची रॅम ८ जीबी. बाहेरच्या एसएसडीवर ठेवून निभेल का? पियानोटेक हा तिसरा सॉफ्टवेअर पियानो आकाराने हलका आहे, पण त्यात सॅम्पल नाहीत, आवाज गणिताने घडवतात. मला खऱ्या तारांचाच हवाय.

गळ्याच्या मागे, गळा न झाकता, कोणता बसतो? वापरलाय त्यांनी कृपया सांगा. हलक्या हाताने वाजवलेली क्लिप ऐकवलीत तर फारच बरं होईल.