नॅनोनळीतलं पाणी : 'कंपनचालित' म्हणायचं की 'कंपनप्रेरित'?

विज्ञान दिनासाठी कोल्हापुरातल्या मराठी माध्यमाच्या मुलांकरता एक तक्ता करतेय. विषय आहे कार्बनच्या नॅनोनळीतून (म्हणजे कार्बनच्या अणूंच्या अतिसूक्ष्म नळीतून) कंपनामुळे वाहणारं पाणी आणि त्याचं संगणकावरचं सिम्युलेशन, म्हणजे हिशेबानं केलेली नक्कल. 'सदृशीकरण' लिहून पाहिलं, पण आठवीतली पुतणी पहिल्याच ओळीला अडखळली, म्हणून सिम्युलेशनच ठेवलं.

'कंप' नको, तो तापात नाहीतर भीतीनं अंगाला सुटतो. 'स्पंदन' हृदयाचं. 'आंदोलन' लंबकाला चालतं, पण आपल्याकडच्या मुलांना त्यावरून ऊसदरच आठवणार. तेव्हा 'कंपन' नक्की. पुढं काय जोडू?

नळीचा अंदाज यावा म्हणून सांगते. शास्त्रज्ञ गेरहार्ट हुमर आणि सहकाऱ्यांच्या २००१ सालच्या सिम्युलेशनमध्ये नळी सुमारे ०.८ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) रुंद आणि जेमतेम १.३ नॅनोमीटर लांब होती. पाण्याचे ५ रेणू आत एकामागे एक, साखळीनं उभे!

प्रतिसाद, शिरोलीहून

ताई, मी फाउंड्रीत आहे. नॅनोचं मला कळत नाही, पण कंपनाशी रोजचा संबंध. आमच्या वाळूच्या हॉपरला, म्हणजे खाली तोंड असलेल्या साठवणीच्या मोठ्या भांड्याला, बाहेरून व्हायब्रेटर बसवलेला असतो. दमट वाळू आत धरते, तिची कमान होते. खालचं तोंड उघडं, तरी कण पडत नाही. व्हायब्रेटर चालू केला की भडाभडा येते. पण तिला खाली आणतं तिचं वजनच, कंपन नुसतं धरलेलं सोडवतं.

बाउल फीडरचं, म्हणजे नग पुढं सरकवणाऱ्या वाडग्यासारख्या यंत्राचं, निराळं. त्यात सुटे नग चढावर जातात. हादरा तिरका असतो, दर हादऱ्याला नग जरासा उचलला जाऊन पुढं पडतो. ढकलणारं दुसरं कुणी नाही. तुमच्या नळीत यातलं कुठलं?

मूळ प्रश्नकर्ती

दादा, गाठ सुटली. दोन्ही आहेत, आणि मी दोन्हींना एकच शब्द शोधत बसले होते.

उष्णतेनं नळीच्या भिंतीतले अणू सतत थरथरतात, पण ती थरथर कुठल्या एका बाजूची नसते. नुसत्या तिच्या जोरावर पाणी एकाच दिशेनं वाहत राहणार नाही. तिच्यामुळे पाण्याचं भिंतीशी होणारं घर्षण बदलतं, पाणी रेटतो तो दाब. हिशेब हलका व्हावा म्हणून कित्येक सिम्युलेशनांत भिंतीचे अणू जागच्या जागी गोठवतात. ते मोकळे सोडले की पाण्याची चाल बदलते. हा तुमचा हॉपर. इथं 'कंपनसुलभ' लिहीन.

भिंतीवरून एका दिशेनं लाट धाडली आणि तिनंच पाणी पुढं नेलं, तर तो फीडर. 'कंपनचालित' फक्त तिथं. 'प्रेरित' सोडते, कारण त्यातून पाणी नेमकं कोण वाहून नेतंय ते कळत नाही.

तक्त्यावर नळीशेजारी हॉपर आणि फीडरही काढते. धरलेल्या वाळूला तुमच्या शॉपमध्ये काही खास शब्द आहे का? असला तर तोच लिहीन.