एकाच ब्रँडचा फोन धरून बसलेले, या!

घरात चार माणसं, चार कंपन्यांचे फोन, आणि दुसऱ्याचा फोन हातात आला की प्रत्येकाचा अंगठा चाचपडतो. कॅमेरा, बॅटरी, किंमत यावर काथ्याकूट सगळीकडेच होतो, तो इथे नको. नुसत्या इंटरफेससाठी, फोन आपल्या मनासारखा मांडता येतो म्हणून कोण कोण चिकटून आहे?

मी सॅमसंगवाली, टचविझ या त्यांच्या जुन्या इंटरफेसच्या काळापासून. टचविझचं कौतुक करायला जीभ रेटत नाही, पण पुढे आलेल्या वन यूआय इंटरफेसमध्ये पाहायचं वर आणि दाबायचं खाली आलं, मोठा फोन एका हातात मावू लागला. खरं अडकवलं ते गुड लॉकने, फोन हवा तसा मांडायच्या सॅमसंगच्याच ॲपने. त्यातल्या वन हँड ऑपरेशन प्लसमध्ये कडेवरून बोट सरळ, तिरकं वर, तिरकं खाली ओढलं की वेगवेगळी कामं नेमता येतात. तिरकं खाली म्हणजे माझा नोटिफिकेशनचा पडदा, लांब ओढलं की स्क्रीनशॉट. साउंड असिस्टंटने आवाजाच्या १५ पायऱ्यांच्या १५० करून घेतल्यात. शेजारी बाळ झोपलेलं असताना मालिका बघणाऱ्यांना याची किंमत कळेल.

शिवारफेरी: मोटो. रात्री लाइट आली की पंप चालू करायला जातो. एका हातात काठी, दुसऱ्यात फोन. कोयत्यासारखे दोन झटके दिले की टॉर्च लागते, लॉक उघडायला नको. भाऊ म्हणतो चांगल्या कॅमेऱ्याचा घे. घेतो की, त्यात झटका असला तर.

रोखपाल: वनप्लस, ते बाजूच्या खाचेदार बटणापायी. वर सायलेंट, मध्ये व्हायब्रेट, खाली रिंग. कॅश काउंटरवर बसल्या बसल्या खिशात हात घालून अंगठ्यालाच कळतं फोन कुठे आहे. २०२१ मध्ये वनप्लसची ऑक्सिजनओएस सिस्टीम ओप्पोच्या कलरओएसच्या पायावर गेली तेव्हा जुन्या लोकांनी बोंब मारली, मला तेवढा फरक पडला नाही. पण २०२५ च्या १३एसमध्ये ते सरकतं बटण जाऊन प्लस की आली. दाबायचं बटण ते, चाचपून काय कळणार? जुन्याचीच बॅटरी बदलून घेतली.

दुकानदार: शाओमी. त्यांची मीयूआय २०१० मध्ये आली ती इतरांच्या फोनवर मूळ सिस्टीमच्या जागी टाकायची रॉम म्हणून, कंपनीचा स्वतःचा फोन पुढच्या वर्षी. हॉस्टेलवर रात्र रात्र रॉम फ्लॅश करायचो, तेव्हापासूनची ओळख. थीमचं वेड आता ओसरलं. राहिलोय ते सेकंड स्पेससाठी, म्हणजे एकाच फोनात दोन वेगळे कप्पे. एका बोटाच्या ठशाने घर उघडतं, दुसऱ्याने दुकान. दुकानात व्यापाऱ्यांचे ग्रुप, घरी मुलीच्या शाळेचा. उधारीच्या यादीचा फोटो घरच्या ग्रुपवर जायची भीतीच नाही.

तटस्थ: मी एकनिष्ठ वगैरे नाही हं. एका कंपनीच्या फोनवर अपडेटनंतर लॉक स्क्रीनवर जाहिराती यायला लागल्या, त्या दिवशी सोडला. दोन दिवस अंगठा चुकला, मग बसला. तुम्ही ज्याला निष्ठा म्हणता तो निम्मा आळस आहे.

शिवारफेरी: आळस तर आळस. टॉर्च लागते ना?

सफरचंद: आयफोनवाल्यांनी बोलायचं का इथे? २०२४ मध्ये आयओएस १८ आली तेव्हा कुठे आयकॉनच्या मध्ये रिकामी जागा सोडता आली. अँड्रॉइडवाला नवरा हसून हसून लोळला. तरी सोडणार नाही, ऑफिसचा लॅपटॉप, घड्याळ सगळं त्यातच गुंतलंय.

बंगळूरची लेक: आमचं कारण वेगळंच. आई गावाला, मी इथे. "वरून खाली ओढ, दुसरं गोल बटण" असं फोनवरून सांगायचं तर दोघींची स्क्रीन सारखी दिसायला हवी. म्हणून दोघींकडे सॅमसंग, आयकॉनही त्याच क्रमाने लावलेत. मी माझा वॉलपेपर बदलला तरी तिला आधी सांगते.

धागाकर्तीला विचारायचंय, ते वन हँड ऑपरेशन प्लस सॅमसंगच्या ए सिरीजच्या फोनवर चालतं का? आईचा उजवा खांदा धरलाय, डाव्या हाताने वापरता आलं तर बरं.