मॉडेलनं ब्रँड काढला की ‘चेहराच तेवढा तिचा’ म्हणणाऱ्यांसाठी

शर्वरी, दादर

काल अभिजित यांनी काळा घोड्याला दुकान उघडलेल्या एका माजी मॉडेलबद्दल लिहिलं, “चेहरा तिचा, पैसा नवऱ्याचा, डोकं तिसऱ्याचंच. याला उद्योग म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.” खाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग लागली, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी फॅशन शोच्या बॅकस्टेजला कपडे चढवायचं काम करत आलेय. तुम्हाला दिसते ती मिनिटभराची चाल. त्याआधी फिटिंगला मुलगी अंगभर टाचण्या घेऊन तासन् तास उभी असते. डिझायनर कपडा बाहेरून बघतो, तो आतून कुठे काचतोय ते फक्त तिला कळतं. एका फिटिंगला एका मुलीनं नुसता हात वर केला आणि मास्टरजींना म्हणाली, “काखेत लूज नाही, हात उचलला की अख्खी कंबर वर चढते. आणि आत माया सोडा, ही साइज घेणारी बाई पुढच्या वर्षी ढिला करायला आणेल.” मास्टरजींनी काही न बोलता खडूनं खूण केली. पुढे तिनं कपड्यांचा ब्रँड काढला. हे डोकं तिसऱ्याचं होतं का?

सोमालियात जन्मलेल्या मॉडेल इमानचं उदाहरण घ्या. सत्तरच्या दशकात ती न्यूयॉर्कला आली, तेव्हा पहिल्याच शूटला मेकअपवाल्यानं तिला विचारलं, स्वतःचं फाउंडेशन आणलंय का? तिच्या रंगाची छटाच त्याच्याकडे नव्हती. मग ती स्वतःच रंग मिसळून वापरायला लागली. 1994 मध्ये तिनं सावळ्या-काळ्या त्वचेसाठी इमान कॉस्मेटिक्स काढलं. बाजारात काय नाही हे तिला कुठल्या सल्लागारानं सांगितलेलं नव्हतं. अमेरिकन मॉडेल कॅथी आयर्लंडनं 1993 मध्ये मोज्यांपासून सुरुवात केली, आज तिच्या नावावर फर्निचरपर्यंत सगळं विकलं जातं.

अभिजित, पार्ले

इमानचं मान्य. कॅथी आयर्लंडचं नाही. तिचा सगळा डोलारा परवान्यांवर उभा आहे. माल दुसरे बनवतात, नाव तिचं लागतं. रॉयल्टी घेणं वेगळं आणि कारखाना, गोदाम, परत आलेला माल सांभाळणं वेगळं.

इथलंच बघा. कतरिना मॉडेलिंगमधून आली, तिची मेकअपची के ब्युटी 2019 मध्ये आली ती नायकाच्या भागीदारीत. ॲप, गोदामं, दुकानं सगळी नायकाची. ती कंपनी 2012 मध्ये फाल्गुनी नायर यांनी काढली, त्या बँकर होत्या. दीपिकानंही सुरुवात मॉडेलिंगनंच केली, 2022 मध्ये 82°ई हा स्किनकेअर ब्रँड काढला, पण त्यातही सहसंस्थापक वेगळे होतेच. मला या बायकांचा राग नाही. ‘तिनं एकटीनं साम्राज्य उभं केलं’ या गोष्टीचा आहे. मी सीए आहे, लक्झरीवाल्यांची पुस्तकं बघतो. तीन सीझनपूर्वीचे लेहेंगे मार्चच्या ताळेबंदात पूर्ण किमतीला दाखवायचा हट्ट असतो. न विकल्या जाणाऱ्या मालाची किंमत खाली आणा म्हटलं की उत्तर येतं, “तो आर्काइव्ह आहे.” हिशेब कळत नसेल तर काखेतला लूज कळून काय उपयोग?

शर्वरी, दादर

मग ‘नवऱ्याचा पैसा’ कशाला लिहिलंत? तुमच्या अशिलांमध्ये वडलांचं दुकान आयतं मिळालेले मुलगे असतीलच ना? त्यांच्या ताळेबंदावर ‘बापाचा पैसा’ असा शेरा मारता? त्यांना तुम्ही ‘दुसरी पिढी’ म्हणता. बाई असली आणि दिसायला चांगली असली की मात्र पैशाचा उगम शोधायचा.

अभिजित, पार्ले

तो शब्द नको होता, एवढं म्हणतो. बाकी मुद्दा कायम.

लालबागचा, गिरणगाव

तुम्ही दोघं लक्झरी लक्झरी करताय ती कुणाच्या जमिनीवर उभी आहे तेही बोला. लोअर परळच्या ज्या मॉलमध्ये या बायांचे ब्रँड लागतात तिथे फिनिक्स मिल होती. 1982 च्या संपात अडीच लाख कामगार उतरले. 1991 च्या नियमानं गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते, पालिका, म्हाडा आणि मालक. 2001 मध्ये ते फक्त मोकळ्या जमिनीपुरतं केलं, म्हणजे बांधकाम असलेली सगळी जागा वाट्यातून सुटली. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते उचलून धरलं. आमच्या आईचं नाव गिरणी कामगारांच्या घरांच्या लॉटरीत अजून निघालेलं नाही.

शर्वरी, दादर

दादा, हे खरंच आहे. माझे आजोबाही गिरणीतच होते. पण दुकान भाड्यानं घेणाऱ्या मुलीनं ती जमीन लाटलेली नाही.

लालबागचा, गिरणगाव

लाटली नाही, पण तिथल्या दिव्यांच्या झगमगाटात फोटो काढताना खाली काय होतं हे तिला माहीत तरी असावं.

सुई-दोरा, गोवंडी

मी इतका वेळ नुसती वाचत होते. माझा हातकामाचा कारखाना आहे, आरी आणि जरदोजी, म्हणजे कपड्यावरचं भरतकाम. तुम्ही सगळे मॉडेलच्या डोक्यावर आणि जमिनीवर भांडताय. आमचं बिल कोण देणार यावर एक शब्द नाही.

एका माजी मॉडेलच्या ब्रँडचं काम घेतलं होतं, नाव लिहीत नाही. नक्षीचा खाका काढला, रॉकेलनं छापला, कपडा अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणला. दबका, नक्षी, सितारा, असं तारा-टिकल्यांचं सगळं तिच्या नमुन्याप्रमाणे. कारागिरांची नफरी, म्हणजे मजुरी, मला दर आठवड्याला रोख द्यावी लागते. बंगालची आणि यूपीची पोरं आहेत, ती गावी पैसे पाठवतात. माल पोचला तरी डिलिव्हरी चलनावर सही मिळेना. “मॅडम शूटला आहेत, मॅडमनी अप्रूव्ह केलं की सही.” मॅडमचे मालदीवचे फोटो येत होते, आमचं अप्रूव्हल येत नव्हतं. दिवाळी गेली, लग्नसराई सुरू झाली, त्या ओढण्या दुकानात टांगलेल्या मी स्वतः बघितल्या.

अभिजित, पार्ले

मी हेच सांगत होतो. धंदा चालवणं म्हणजे हे.

सुई-दोरा, गोवंडी

थांबा, तुमच्या बाजूनं बोलत नाहीये मी. याच्या आधी दुसऱ्या एका मॉडेलचं काम केलं होतं. ती स्वतः गोवंडीला आली, चपला काढून अड्ड्यापाशी बसली. एका पोरानं दबक्याचा टाका कसा वळवला ते बघितलं आणि म्हणाली, गळ्यापाशी हे टोचेल, मी असले कपडे घालून दिवसभर उभी राहिलेय, तिथे रेशीम घ्या. पैसे वेळेवर आले. आणि ज्यांनी माझे सगळ्यात जास्त दिवस बिल अडकवलं ते तुमच्यासारखे हिशेब कळणारे आहेत, दोन पिढ्यांचे व्यापारी.

अभिजित, पार्ले

‘तुमच्यासारखे’ म्हणू नका, मी कुणाचे पैसे बुडवत नाही. तुम्ही तक्रार का केली नाहीत? 2006 चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे. लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर उधारी नाही, करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज.

सुई-दोरा, गोवंडी

कायदा मलाही ठाऊक आहे, साहेब. व्याज मागितलं की पुढची ऑर्डर शेजारच्या गल्लीत जाते. आणि 45 दिवस मोजायचे कधीपासून? अप्रूव्हलच नाही म्हणतात ना.

शर्वरी, दादर

हे अप्रूव्हलचं नाटक मीही बघितलंय. 2023 च्या मार्चमध्ये गेटवेसमोर डिऑर या फ्रेंच ब्रँडचा शो झाला, मुंबईतल्या चाणक्य या भरतकामाच्या संस्थेच्या कारागिरांनी केलेलं तोरण जगभर दिसलं. तेव्हा सगळ्यांना मुंबईच्या हातांचा अभिमान वाटला. तेच हात बिल घेऊन आले की रिसेप्शनवर बसवून ठेवतात.

अभिजित, पार्ले

अप्रूव्हलची पळवाट कायद्यानं बंद केलीय, नीट वाचा. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असंच धरतात. मॅडम शूटला असोत की मालदीवला, मोजणी माल मिळाल्याच्या दिवसापासून. शिवाय 2023 च्या अर्थसंकल्पात प्राप्तिकरातही तरतूद आली, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजा धरत नाहीत. अशिलांना मी दर मार्चला हेच ओरडून सांगतो. कन्साइनमेंटवर ठेवलेला माल असता तर गोष्ट वेगळी, तो विकला जाईपर्यंत विक्रीच धरत नाहीत. तुमचं जॉबवर्क आहे, तुम्हाला ते लागू नाही.

लालबागचा, गिरणगाव

कायदे आमच्यासाठीपण होते.

अभिजित, पार्ले

म्हणून काय तिनं घरी बसायचं? सुईताई, माल पोचल्याचा काही पुरावा आहे?

सुई-दोरा, गोवंडी

चलनावर सही नाही. त्यांच्या प्रॉडक्शनच्या मुलीचा व्हॉट्सॲपवर मेसेज आहे, “पीसेस रिसीव्ह्ड, थँक यू दीदी.” तारीख दिसते.

अभिजित, पार्ले

तो पुसू नका, फोन बदलला तरी जपून ठेवा. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, ऑर्डरच्या आधीची आहे ना?

सुई-दोरा, गोवंडी

आधीची आहे.

अभिजित, पार्ले

मग थकलेल्या बिलांसाठी एमएसएमईचं सरकारी पोर्टल आहे, तिथे तक्रार घालू. मसुदा मी करून देतो, फी नको. पण त्याआधी त्या मॅडमना स्वतःला एक पत्र टाका, मॅनेजरला नाही. तिला खरंच माहीत नसेल तर कळेल. माहीत असून गप्प असेल तर कालचं माझं वाक्य तिच्यापुरतं मी मागे घेणार नाही.

शर्वरी, दादर

तिच्यापुरतं. एवढंच मी सकाळपासून म्हणतेय.

सुई-दोरा, गोवंडी

पत्र मराठीत लिहिलं तर चालेल का? ती ठाण्याची आहे.