अनुभव धागा: नकाशा हातात घेऊन पायी हिंडलेलं जुनं बंदर

तेरणाकाठ

धाग्याचं निमित्त असं की परवा भाच्यानं विचारलं, मामा आपल्या धाराशिवला समुद्र का नाही? म्हणलं समुद्र नाही पण इथलं कापड समुद्रापर्यंत जायचं. त्याला काही खरं वाटंना. मग रविवारी दोघंच तेरला गेलो, गाईडबिईड कुणी नाही, मोबाईलमधला नकाशा आन् गॅझेटियरच्या चार पानांची झेरॉक्स.

तेर म्हणलं की गोरोबाकाका, आम्ही पण आधी तिथंच टेकलो. पण पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस' नावाचं ग्रीक भाषेतलं पुस्तक आहे, कुण्या निनावी व्यापाऱ्याचं, त्यात लिहिलंय की गुजरातमधल्या भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण आन् तिथनं पूर्वेला १० दिवसांवर तगर. तगर म्हणजे हेच तेर (पूर्वेला म्हणतोय, खरं तर आग्नेयेला, पण चालायचंच). पैठणचा अकीक आन् तगरचं साधं कापड, मलमल, गाड्या भरून भडोचला उतरायचं आन् तिथनं जहाजात. भाच्याला हिशोब घालून दाखवला, पैठण ते तेर सरळ दीडशे किलोमीटर धर, १० दिवसात म्हणजे रोजचे १५. आमचे आजोबा म्हणायचे भरली गाडी दिवसाला पाच कोस, त्याच्यापुढं बैलाला मारू नये. बरोबर बसलं की!

त्रिविक्रमाचं मंदिर समोरनं बघून परत फिरू नका, मागं जा. मागची भिंत गोल वळलीय आन् वरचं विटांचं छप्पर पालथ्या होडीसारखं. मुळात ते बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा, त्रिविक्रम नंतर आला. लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची बाई आहे, वीतभर पण नाही, आन् तिच्याच जातीची दुसरी इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. ते गाव ७९ साली गाडलं गेलं, म्हणजे ती बाई त्याच्या आधीच तिकडं पोचलेली. भाचा तिथनं हलंना.

तर आता तुमचं सांगा. हा माल ज्या बंदरांवर उतरायचा ती कुणी आपल्या आपण पायी हिंडलंय का? मोठं लिहिलं तरी चालंल.

लातूरचा सोपारकर

मी! सहा वर्षं झाली नालासोपाऱ्यात राहायलो, रोज लोकलमागं पळायलो, आन् जुन्या पोथ्यांतलं शूर्पारक म्हणजे आपलंच सोपारा हे मला गेल्या पावसाळ्यात कळालं. लाज वाटली जरा.

पहिली गोष्ट, पश्चिमेला उतरा. मी पूर्वेला राहतो म्हणून घरातनंच नकाशा लावला आन् अर्धा तास पुलाच्या आसपासच घिरट्या घातल्या. दुसरी, तिथला जुना बौद्ध स्तूप कुठंय विचारू नका, रिक्षावाला तोंडाकडं बघत बसतो. बुरूड राजाचा कोट म्हणा, लगेच सोडतो.

कोट म्हणजे झाडांमधला विटांचा ढिगारा. हेच का, असं वाटतं. पण १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो खणला तेव्हा आत विटांच्या कोठडीत दगडी पेटी निघाली, तिच्यात तांब्याचा करंडा, त्याच्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आन् सगळ्यात आत सोन्याचा, आपल्याकडं रुखवतात एकात एक बसणारे डबे मांडतात ना तसलं. भिक्षापात्राचे तुकडे, सोन्याची फुलं, भोवतीनं ब्राँझचे आठ बुद्ध. आन् मला ज्याच्यानं लई बरं वाटलं ते म्हणजे यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. आपला सातवाहन राजा! ह्याच्या दुसऱ्या नाण्यांवर तर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. पेटीतला ऐवज मुंबईला एशियाटिक सोसायटीकडं गेला, त्यामुळं इथं निस्त्या विटा, वाचून नाही गेलात तर पाच मिनिटांत परत येताल.

त्याच वर्षी भातेळा तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडलेला, तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. नवव्या लेखाचा १९५६ ला भुईगावात. तळ्याच्या काठी बराच वेळ बसलो. एक बाई कपडे वाळत घालायलत्या, त्यांना विचारलं मावशी, बंदर होतं म्हणतात तर समुद्र कुठंय? म्हणल्या तो तिकडं कळंबला. मला आधी आपलं धाराशिवकडचं कळंबच आठवलं, म्हणलं ह्यांना आमच्याकडचं कसं माहीत! खाडी गाळानं भरत गेली आन् बंदर कोरड्यावर राहिलं, एवढीच गोष्ट आहे, पण तिथं उभं राहून ती लई वेगळी वाटते.

गोदाकाठ

पैठण बंदर नाही, पण लिहितोच. नागघाटावर उतरून रेड्याला हात लावला आन् गावाबाहेरच्या टेकाडांकडं निघालो. म्हातारी माणसं पांढर म्हणतात त्याला, म्हणजे जुन्या वस्तीचा ढिगारा. पांढरीची माती खतासारखी म्हणून कित्येकांनी गाड्या भरून शेतात नेली, किती इतिहास ज्वारीखाली गेला देव जाणे. पाऊस पडून गेला की मणी उघडे पडतात. मला एक सापडला, तांबूस, भोकातली माती काडीनं काढली, उन्हाला धरला आन् तिथंच ठेवला. कृपा करून खिशात घालू नका.

नांदेडचा भाऊ

अंकलेश्वरला कामाला होतो, नर्मदेच्या पलीकडं भरूच, म्हणजे तेच भडोच. गोल्डन ब्रिज १८८१ चा, त्याच्या भरूचकडच्या टोकापासून नदीकाठानं सुरू केलं, पाण्याची बाटली रूमवरच विसरलो हा शहाणपणा वेगळा. जुनं गाव उंचावर, बोळ असे चढाचे की पोटऱ्या भरून येतात. सकाळी एक होडी चिखलात कलंडून पडलेली बघितली, वाटलं मोडकी असंल. दुपारी भरतीचं पाणी आलं तर तीच होडी सरळ होऊन डुलायली. पेरिप्लसवाला म्हणतो की इथलं पाणी लई दगाबाज, म्हणून राजानं ठेवलेले कोळी लांबलचक नावा घेऊन सामोरे जायचे आन् जहाजं ओढून आणायचे. ते वाक्य मला ती होडी बघून कळालं, रूमवर तीनदा वाचून नव्हतं कळालं. येताना खारी सिंग घ्या. आपल्या शेंगदाण्याला तोड नाही म्हणणारा माणूस मी, पण घ्या.

तेरणाकाठ

सोपारकर, दिवाळीत भाच्याला घेऊन येऊ का?

लातूरचा सोपारकर

या की, विचारायलाव काय. फक्त रविवार सोडून, लोकलचा ब्लॉक असला की हाल होतात. कोट, तळं, चक्रेश्वराचं देऊळ आन् मग समुद्र, सकाळी सातला निघालो तर उन्हाच्या आत होतंय.

तेरणाकाठ

ठरलं. भाचा आत्ताच विचारायलाय की मग धाराशिवहून सरळ कळंबचीच एसटी का नाही धरायची.